काळ्या पडद्यावर उजेड

(दिवाळी जवळ आली होती. मॉरिशसमधील एका प्राथमिक शाळेत मुलांनी संगणकावर शुभेच्छापत्रे तयार करायचे ठरवले. त्यासाठी छापखान्यात चित्रे आणि पत्रिका तयार करणाऱ्या एका ताईंना शाळेत बोलावले होते. त्यांनी मुलांपुढे केलेले हे भाषण.)



मी वर्गात आले तेव्हा तुमचे संगणक बंद होते. बंद पडद्याचा रंग कोणता असतो, सांगा पाहू? बरोबर, काळा. आज आपल्याला या काळ्या पडद्यावर दिवाळीचा उजेड पाडायचा आहे. तेल नाही, वात नाही, काडेपेटी नाही. तरी पाहणाऱ्याला वाटले पाहिजे, की इथे काहीतरी उजळले आहे.

तुमचे गुरुजी मला म्हणाले, "ताई, मुलांना दिव्याचे चित्र काढता येते. पण कार्डावर अक्षरांच्या मागे जी चमकणारी, वळणावळणाची प्रभा असते ना, ती कशी करतात हे त्यांना ठाऊक नाही." तेच आज मी तुम्हांला सांगणार आहे. शेवटी एक गोष्टही सांगेन. ती माझ्या आजीची गोष्ट आहे आणि माझ्या एका मोठ्या चुकीचीही आहे.

मुलांनो, आधी संगणकाला हात न लावता थोडा विचार करू. तुमच्यापैकी क्युरपिपला कोण कोण गेले आहे? अरे वा, बरेच हात वर आले! तिथे पाऊस फार आणि धुकेही फार. संध्याकाळच्या धुक्यातून समोरून मोटार येते, तेव्हा काय दिसते? मोटारीचा दिवा लहानसाच असतो. पण त्याच्याभोवती उजेडाचे भले मोठे वर्तुळ दिसते. मधोमध पांढरेशुभ्र, त्याच्या बाहेर पिवळसर, मग फिकट, आणि मग अंधार.

हे असे का होते? धुके म्हणजे पाण्याचे अगदी बारीक थेंब. दिव्याचा प्रकाश त्या थेंबांवर पडतो आणि इकडे तिकडे पसरतो. धुके नसले, तरी थोडासा प्रकाश आपल्या डोळ्यांच्या आतही पसरतो. म्हणून अंधाऱ्या रात्री पणतीकडे पाहिले, की तिच्या ज्योतीभोवती मऊ प्रभा दिसते.

आता या दिव्याकडून तीन गोष्टी शिकून घ्या. पहिली गोष्ट, मध्यभाग अगदी उजळ असतो. दुसरी, त्याची कड सुरीने कापल्यासारखी नसते. ती हळूहळू विरत जाते. आणि तिसरी, भोवती अंधार असतो.

ही तिसरी गोष्ट आपण नेहमी विसरतो. भर दुपारी अंगणात पणती लावून पाहा. ज्योत तीच, तेल तेच; पण तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. तीच पणती रात्री लावली, की सारे अंगण तिचे होते. घरी एक प्रयोग करा. करड्या कागदाचे एकसारखे दोन चौकोन कापा. एक काळ्या कागदावर चिकटवा आणि दुसरा पांढऱ्या कागदावर. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा आणि पाहा. काळ्यावरचा चौकोन जास्त उजळ दिसेल. चौकोन तर एकाच कागदाचे आहेत! म्हणजे उजेड दाखवायचा असेल, तर त्याच्या शेजारचा अंधारही नीट सांभाळावा लागतो.

आता संगणकाकडे वळू. तुमच्यापैकी पुष्कळांनी ठिपक्यांची रांगोळी पाहिली असेल. आधी ठिपके ओळीत मांडायचे आणि मग त्यांवरून चित्र काढायचे. संगणकाचे चित्रही ठिपक्यांचेच असते. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. समजा, आपले कार्ड १२०० ठिपके रुंद आणि ८०० ठिपके उंच आहे. मग सगळे मिळून ठिपके किती? गुणाकार करा. ९,६०,०००! कोणाची आजी एवढी मोठी रांगोळी घालील?

या प्रत्येक ठिपक्यात तीन इवले दिवे आहेत असे समजा. एक लाल, एक हिरवा आणि एक निळा. प्रत्येक दिवा किती लावायचा, हे संगणक आकड्याने सांगतो. ० म्हणजे दिवा बंद. २५५ म्हणजे दिवा पूर्ण. तिन्ही दिवे बंद असले, की ठिपका काळा. तिन्ही पूर्ण असले, की पांढरा. लाल आणि हिरवा पूर्ण लावले आणि निळा बंद ठेवला, तर ठिपका पिवळा होतो. तुम्हांला आश्चर्य वाटेल. रंगपेटीतला लाल आणि हिरवा एकत्र केला तर मळकट रंग होतो. पण हे रंग नव्हेत, हे प्रकाश आहेत. रंगात रंग मिसळला तर तो गडद होतो. प्रकाशात प्रकाश मिळवला तर तो वाढतो.

इथे एक अडचण आहे. २५५ च्या पुढे आकडा नाही. चित्रातला पांढरा सदरा २५५ आणि पणतीची ज्योतही २५५. मग सदरा साधा दिसावा आणि ज्योत मात्र उजळलेली दिसावी, हे कसे साधायचे? ज्योत आणखी पांढरी करता येत नाही. म्हणून तिच्या शेजारच्या ठिपक्यांना कामाला लावावे लागते. चमक दाखवण्याची सारी युक्ती या शेजाऱ्यांत आहे.

चित्रे करण्यासाठी संगणकावर निरनिराळ्या प्रणाली मिळतात. मी आज 'गिंप' नावाची प्रणाली घेतली आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या बर्कली येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तिची सुरुवात केली. ती कोणालाही फुकट वापरता येते, म्हणून शाळेला सोयीची आहे. 'फोटोशॉप' ही प्रसिद्ध प्रणाली १९९० साली बाजारात आली. तीही नोल आडनावाच्या दोन भावांनी तयार केली. तिच्यातही आजची कृती जवळजवळ अशीच करता येते.

चला, आता पायरीपायरीने जाऊ.

पहिली पायरी. नवे चित्र उघडा. रुंदी १२००, उंची ८००. ते सगळे काळ्या रंगाने भरा. हा आपला अंधार. बाकीचे सारे काम यावरच होणार आहे.

दुसरी पायरी. मऊ कडेचा ब्रश निवडा. त्याचा आकार साधारण २० ठेवा. रंग पांढरा घ्या. आता चार-पाच लांब, वळणदार रेषा काढा. समुद्राची लाट किनाऱ्याला येताना जशी वळते, तशा. कशाचे चित्र काढायचे नाही. फूल नाही, घर नाही. माउस हलवताना हात थोडा थरथरला तरी चालेल. रेषा आवडली नाही तर कंट्रोल आणि झेड ही बटणे एकदम दाबा. रेषा पुसली जाते आणि कागद फाटत नाही!

तिसरी पायरी. वरच्या यादीतून 'फिल्टर्स' उघडा. त्यात 'डिस्टॉर्ट्स' आणि त्यात 'व्हर्ल अँड पिंच' सापडेल. याने चित्राला पीळ बसतो. डाळ घुसळताना रवीभोवती जशी भोवऱ्यासारखी वळणे पडतात, तशी रेषांना पडतील. पीळ थोडाच द्या. फार दिला तर सगळ्या रेषांचा गुंता होईल.

आता आपल्याजवळ काळ्यावर पांढऱ्या रेषा आहेत. त्या खडूने काढल्यासारख्या दिसतात. त्यांत उजेड नाही. कारण त्यांची कड विरत नाही.

चौथी पायरी नीट ऐका. गिंपमध्ये चित्राचे थर करता येतात. काचेचे ताव एकावर एक ठेवावेत, तसे हे थर असतात. आपण रेषांच्या थराची हुबेहूब नक्कल करू. त्यासाठी 'लेयर' या यादीत 'डुप्लिकेट लेयर' आहे. आता थर दोन झाले. वरचा थर निवडा आणि 'फिल्टर्स' मधल्या 'ब्लर' मध्ये जाऊन 'गॉसियन ब्लर' घ्या. आकडा १५ ठेवा. रेषा एकदम धूसर होतील.

हे धूसर होणे म्हणजे काय, हे आपण दिवाळीच्या फराळावरून समजून घेऊ. एका रांगेत पाच घरे आहेत. मधल्या घरात २५५ गातो पातात तळले. बाकीच्या चार घरांत एकही नाही. मधल्या घरातली आजी म्हणाली, "आपल्या घरी, डावीकडच्या घरी आणि उजवीकडच्या घरी सारखे वाटा." आता प्रत्येकाला किती मिळाले? ८५! म्हणजे आधी घरांत ०, ०, २५५, ०, ० असे होते. आता ०, ८५, ८५, ८५, ० असे झाले. संगणकही असेच करतो. प्रत्येक ठिपक्याचा उजेड तो शेजाऱ्यांत वाटतो. जवळच्या शेजाऱ्याला जास्त देतो, लांबच्याला कमी. ही वाटणी ज्या गणिताने होते, त्याला जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांचे नाव दिलेले आहे. त्यांचा जन्म १७७७ साली झाला. त्यांनी संगणक कधी पाहिला नाही, पण त्यांचे गणित आज तुमच्या कार्डात काम करते.

पण फराळ वाटल्यावर मधल्या घरात किती उरले? ८५ च. म्हणजे उजेड पसरला खरा, पण मध्यभाग मंद झाला. आपल्याला तर मध्यभाग पांढराशुभ्र हवा. म्हणूनच आपण खालचा थर जपून ठेवला आहे. आता दोन्ही थरांचा उजेड एकत्र करायचा.

थरांच्या यादीवर 'मोड' असे लिहिलेले असते. तिथे वरच्या थरासाठी 'स्क्रीन' निवडा. याचा अर्थ सोपा आहे. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर एका टॉर्चचा उजेड पाडा. त्याच जागी दुसऱ्या टॉर्चचा पाडा. जागा आणखी उजळते. दुसरा टॉर्च आणल्याने भिंत कधी काळी पडते का? नाही. 'स्क्रीन' तसेच आहे. वरच्या थरातला काळा भाग काहीच देत नाही, म्हणून तो दिसेनासा होतो. उजळ भाग खालच्या उजेडात भर घालतो. जे आधीच पांढरे आहे, ते पांढरेच राहते.

पाहा, रेषांभोवती प्रभा आली! क्युरपिपच्या धुक्यातला दिवा आठवला की नाही?

पाचवी पायरी रंगाची. वरचा धूसर थर निवडून 'कलर्स' मधल्या 'कलराइज' वर जा. सरकपट्टी हळूहळू सरकवा. प्रभा नारिंगी होईल, मग पिवळी, हिरवी, निळी. दिवाळीसाठी आपण नारिंगी ठेवू. इथे एक गोष्ट ध्यानात धरा. आधी धूसर करायचे आणि मग रंग द्यायचा. उलट केले तर रंग धरत नाही. कारण 'कलराइज' अगदी पांढऱ्याला पांढरे ठेवतो आणि अगदी काळ्याला काळे. रंग बसतो तो मधल्या करड्या छटांवर. करड्या छटा आपल्याला धूसर केल्यावरच मिळतात. मी पहिल्यांदा हे काम केले, तेव्हा अर्धा तास सरकपट्टी सरकवत बसले होते आणि रंग का येत नाही म्हणून संगणकावर रागावत होते.

सहावी पायरी. पुन्हा अगदी खालचा थर निवडा आणि त्याची आणखी एक नक्कल करा. ती जास्त धूसर करा. आकडा ५० ठेवा. तिला जांभळा रंग द्या आणि 'स्क्रीन' निवडा. आता मधोमध पांढरी रेषा, तिला लागून नारिंगी प्रभा, त्याच्या बाहेर जांभळी झाक आणि मग अंधार. प्रभा फार मंद वाटली तर धूसर थराची अजून एक नक्कल करा. आणखी एक टॉर्च लावल्यासारखे होईल.

काम झाले की ते जतन करा. गिंपच्या स्वतःच्या प्रकारात जतन केले, तर सगळे थर वेगवेगळे राहतात आणि उद्या बदल करता येतो. कोणाला पाठवायचे असेल, तर त्याची पीएनजी प्रत काढा.

मुलांनो, कोणी म्हणेल, "ताई, ही तर संगणकाची जादू. यात आपली कला कुठे आहे?" तर मी तुम्हांला एका चित्रकाराबद्दल सांगते. त्यांचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर. त्यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीला झाला. त्यांचे एक चित्र फार प्रसिद्ध आहे. एक मुलगी हातात दिवा घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताचा तिने ज्योतीला आडोसा केला आहे. त्या उजेडात तिचा चेहरा आणि बोटे उजळली आहेत. 'ग्लो ऑफ होप' या नावाने लोक ते चित्र ओळखतात. त्यासाठी हळदणकरांनी आपल्या मुलीलाच हातात दिवा देऊन उभे केले होते. आज ते चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना वाटते, ते राजा रविवर्म्याने काढले. पण ते आहे हळदणकरांचे.

हे चित्र जलरंगांत आहे. जलरंगातली चमक बहुधा कागदाच्या पांढरेपणातून येते. उजेड हवा तिथे रंग पातळ ठेवायचा आणि भोवताली हळूहळू गडद करत न्यायचे. उजळ मध्यभाग, विरत जाणारी कड आणि भोवती अंधार. आपल्या त्याच तीन गोष्टी! हळदणकरांजवळ संगणक नव्हता. पण उजेड कसा दिसतो, हे त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले होते. ते पाहणे तुमचे तुम्हांलाच करावे लागते. संगणक तुमच्यासाठी पाहत नाही.

आता आजीची गोष्ट.

माझी आजी उसाच्या मळ्यात काम करायची. लहानपणी तिला शाळेत जायला मिळाले नाही. दिवसभर राबून संध्याकाळी ती गावातल्या बैठकेत जायची. तिथे दिव्याच्या उजेडात ती मराठी अक्षरे शिकली. आमच्या घरात सगळे क्रेओल बोलत. पण मराठीत छापलेला कागद घरात आला, की आजी ओसरीत बसून तो मोठ्याने वाचायची. शेजारच्या बायका ऐकायला येत. गणेशचतुर्थीची पत्रिका असो नाहीतर लग्नाची, पहिले वाचन आजीचे.

मी छापखान्यात नवीन लागले होते. दिवाळीच्या कार्यक्रमाची मराठी पत्रिका करण्याचे काम मला मिळाले. मी नुकतीच ही चमकीची कृती शिकले होते. मग काय विचारता! मी रेषांवर रेषा काढल्या, थरांवर थर चढवले. नारिंगी, गुलाबी, हिरवा, निळा. पत्रिकेत अंधाराला जागाच ठेवली नाही. त्यावर पिवळ्या रंगात बारीक अक्षरे लिहिली. संगणकाच्या पडद्यावर ती झगमगत होती. सगळे म्हणाले, "छान!" मलाही वाटले, आपल्यासारखे कोणी नाही.

पत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका मी धावत घरी नेली आणि आजीच्या हातात दिली. आजीने चष्मा पुसला. पत्रिका जवळ धरली, मग लांब धरली. ओसरीतून उठून उन्हात गेली. शेजारच्या बायका वाट पाहत होत्या. आजीने पत्रिका मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाली, "माझे डोळे गेले गं आता."

मी म्हणाले, "आजी, संध्याकाळ झाली आहे, उद्या वाच." पण दुसऱ्या दिवशीही तिला ती वाचता आली नाही. त्यानंतर आठ दिवस तिने कोणताच कागद हातात घेतला नाही. शेजारणी आल्या तर म्हणायची, "आता मला नका सांगू. मला दिसत नाही." ती ओसरीत नुसती बसून राहायची.

एके दिवशी मी ती पत्रिका भिंतीला टेकवली आणि चार पावले मागे जाऊन पाहिली. मुलांनो, माझे डोळे तर तरुण होते. मलाही ती वाचता आली नाही! पिवळी अक्षरे पिवळ्या प्रभेत बुडून गेली होती. शिवाय पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. खोलीतला उजेड कागदावर पडून परत येतो, तेवढाच. म्हणून पडद्यावर जे जेमतेम वाचता येत होते, ते कागदावर मुळीच वाचता येईना. आजीच्या डोळ्यांत दोष नव्हता. दोष माझ्या पत्रिकेत होता. आणि मी आठ दिवस तिला तसे समजू दिले होते.

त्या रात्री मी पत्रिका पुन्हा केली. सगळी चमक एका कोपऱ्यात नेली. बाकी जागा गडद निळी ठेवली. अक्षरे मोठी आणि पांढरी केली. माझ्या पगारातून पैसे भरून पत्रिका पुन्हा छापून घेतल्या. सकाळी एक पत्रिका आजीच्या पुढे ठेवली. ती घ्यायलाच तयार नव्हती. मी म्हणाले, "आजी, एकदाच पाहा. चूक माझी होती, तुझ्या डोळ्यांची नव्हती."

आजीने पत्रिका उचलली. पहिली ओळ मनात वाचली. दुसरी ओळ मोठ्याने वाचली. मग तिने शेजारी हाक मारली, "या गं, पत्रिका आली आहे!" तिने तारीख, वेळ, जागा, सारे काही अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवले. वाचून झाल्यावर कोपऱ्यातल्या चमकीवर बोट ठेवून म्हणाली, "हा उजेड छान आहे. आता अक्षरांना दिवा दाखवतो. आधी तो अक्षरांना जाळत होता."

ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. म्हणून तुमचे कार्ड पुरे झाले, की तीन परीक्षा घ्या. पहिली, चार पावले मागे जा आणि वाचा. दुसरी, डोळे अर्धवट मिटून पाहा. अक्षरांची जागा तरी वेगळी दिसते का? तिसरी, चित्राची एक प्रत काढून 'कलर्स' मधल्या 'डिसॅच्युरेट' ने तिचे सारे रंग काढून टाका. काळ्या-पांढऱ्या चित्रातही अक्षरे वाचता आली, तर कार्ड उत्तीर्ण! कधी कधी लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसतात, पण दोघांचा उजळपणा सारखाच असतो. मग रंग काढल्यावर अक्षरे गायब होतात.

अक्षरे प्रभेच्या अगदी मध्येच लिहायची असतील, तर त्यांच्या मागे काळ्या रंगाचा एक थर ठेवा. तो अर्धवट पारदर्शक करा आणि त्याची कड धूसर करा. प्रभा दिसेल आणि अक्षरेही दिसतील.

आणि बाळांनो, एक चौथी परीक्षाही आहे. ती सगळ्यांत खरी. कार्ड घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्या. काही बोलू नका. नुसते उभे राहा. त्यांना ते वाचता आले आणि वाचून त्यांचा चेहरा उजळला, तर समजा, तुमचा दिवा लागला.

आता संगणक सुरू करा. पण आधी काय करायचे? शाब्बास! आधी अंधार करायचा.

तुम्हां सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.

शब्दार्थ

प्रभा – तेज, उजेडाची झाक
धूसर – अस्पष्ट, पुसट
प्रणाली – संगणकावर काम करण्याची व्यवस्था
झाक – रंगाची हलकी छटा
ओसरी – घराच्या पुढची पडवी
बैठक – गावातील लोकांची संध्याकाळची शाळा
गातो पातात – रताळ्याचा तळलेला गोड पदार्थ

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) संगणकावरील चित्राच्या ठिपक्याला काय म्हणतात?
(आ) लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र केल्यावर कोणता रंग दिसतो?
(इ) आजी मराठी अक्षरे कोठे शिकली?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धुक्यात दिव्याभोवती उजेडाचे वर्तुळ का दिसते?
(आ) आधी धूसर करून मगच रंग का द्यायचा?
(इ) पहिली पत्रिका आजीला का वाचता आली नाही?

३. कोण कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) "माझे डोळे गेले गं आता."
(आ) "या गं, पत्रिका आली आहे!"

४. 'आता अक्षरांना दिवा दाखवतो. आधी तो अक्षरांना जाळत होता.' या वाक्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

५. करून पाहा : करड्या कागदाच्या दोन चौकोनांचा प्रयोग घरी करा. तुम्हांला काय दिसले, ते वर्गात सांगा.